स्विंगच्या रेकॉर्डवरच्या वादकांना नावं आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बिग बँडवरचा लेख वाचला. मराठी पेपरात स्विंगला, म्हणजे १९३०-४० च्या दशकांतल्या अमेरिकेतल्या मोठ्या बँडच्या नाचायच्या जॅझला, अर्धं पान मिळालं हेच मुळात भारी, त्याबद्दल आधी थँक्यू. पण लेखाचा एकूण सूर असा की ही रेकॉर्डिंग अजून ऐकली जातात कारण लोकांना जुने दिवस आठवतात. आता मला सांगा, १९३८ आठवणारी माणसं उरलीत किती? आज ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचे आईबापसुद्धा तेव्हा जन्माला आले नव्हते, आणि आपल्यासारख्यांचा तर तो काळही नाही न् देशही नाही. मग नॉस्टॅल्जिया कुठून येणार?

माझं म्हणणं साधं आहे. बँड पंधरा जणांचा असला तरी त्या रेकॉर्डवर एकेक माणूस वेगळा ओळखू येतो, आणि एकदा ओळखीचा झाला की सोडवत नाही. बँडलीडर ड्यूक एलिंग्टनचं १९४० चं ‘को-को’ घ्या. तीन मिनिटंसुद्धा नाही. सुरुवातीला हुआन टिझोलचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य), मग ट्रिकी सॅम नँटन येतो आणि ट्रॉम्बोनच्या तोंडावर ते रबरी प्लंजर धरून (हो, तेच, बेसिन तुंबल्यावर आपण वापरतो ते) असा काही आवाज काढतो की कोणीतरी चिडून बोलतंय असं वाटतं, आणि खाली जिमी ब्लँटनचा बास, जो पुढे सगळा बँड क्षणभर थांबतो तेव्हा एकटा पुढे येतो. हा ब्लँटन १९४२ मध्ये टीबीने गेला, वय २३. एलिंग्टनकडे आलेला १९३९ मध्ये. म्हणजे त्या पोराचं जे काही आहे ते या दोन-तीन वर्षांतलं, आणि तेवढ्यात त्याने बास वाजवायची पद्धतच बदलून टाकली. एलिंग्टन म्हणे नोटेशनच्या कागदावर वाद्याचं नाव लिहीतच नसे, वादकाचं लिहीत असे. हॅरी कार्नी त्याच्याकडे १९२७ ला बॅरिटोन सॅक्सवर आला तो १९७४ ला ड्यूक जाईपर्यंत तिथेच. सत्तेचाळीस वर्षं एकाच माणसासाठी लिहायला मिळालं तर संगीत वेगळंच होणार ना.

आणि तीन मिनिटांचं बंधन कोणाच्या आवडीनिवडीचं नव्हतं, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तेवढंच मावायचं. (तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची, आणि ती लाख बरीचशी आपल्या छोटा नागपूरच्या जंगलातून जायची. महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी परत गोळा करायची वेळ आली होती.) एडिटिंग नाही, कोणी चुकला की अख्ख्या बँडने पहिल्यापासून. तरी ते एवढं सहज का वाटतं तर ही मंडळी रोज रात्री डान्स हॉलमध्ये एकत्र वाजवत होती, स्टुडिओत भेटून कागद बघून वाजवणारी नव्हती.

काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन तर गिटारला अँप्लिफायरही लावायचा नाही. पहिल्यांदा ऐकताना ती गिटार ऐकूच येत नाही. चार मात्रा, चारही सारख्या, सोलो जवळजवळ नाहीच. पण एकदा कानाला सापडली की कळतं सगळा बँड कशावर उभा आहे. १९३७ ते १९८७ एवढंच केलं या माणसाने. ग्लेन मिलरच्या चाहत्यांनी रागावू नये, क्लॅरिनेट वर ठेवून खाली सॅक्सोफोन ही त्याची आयडिया झकासच होती, पण मला तो बँड जरा जास्तच इस्त्री केलेला वाटतो. बेसीकडे घाम आहे.

तुमच्या लेखात क्लॅरिनेटवाल्या बँडलीडर बेनी गुडमनला ‘स्विंगचा राजा’ म्हटलंय, ते जगच म्हणतं. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये पोरं वेडी झाली तेव्हापासून. पण तिथे ज्या अरेंजमेंट (म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं त्याची लिहिलेली मांडणी) चालल्या त्यातल्या कितीतरी फ्लेचर हेंडरसनच्या होत्या, म्हणजे ज्या काळ्या बँडलीडरचा स्वतःचा बँड पैशाअभावी आदल्या वर्षी मोडला त्याच्या. त्याचं नाव लेखात एकदाही नाही. १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉलच्या मैफलीबद्दल लिहिलंय छान, जीन क्रुपाचे ड्रम वगैरे, पण त्या रात्री शेवटाकडे गुडमनने अचानक खूण केली म्हणून पियानोवर बसलेल्या जेस स्टेसीने जो सोलो घेतला तो ठरलेला नव्हता, त्या गदारोळात एकदम शांत, आणि कित्येकांना अख्ख्या रेकॉर्डमध्ये तेवढाच लक्षात राहतो. रेकॉर्ड बाजारात आली १९५० ला. बारा वर्षं ते कोणी ऐकलंही नव्हतं!

तसंच फार्गोचं. ७ नोव्हेंबर १९४०, नॉर्थ डाकोटातलं थंडीचं गाव, एलिंग्टनचा साधा डान्सचा कार्यक्रम. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन पोरांनी परवानगी काढून स्वतःचं डिस्क कापायचं मशीन लावलं आणि अख्खी रात्र टिपली. बेन वेबस्टर टेनर सॅक्सवर ‘स्टारडस्ट’ वाजवतो ते ऐका. कोणालाही वाटलं नव्हतं हे पुढे कोणी ऐकेल, आणि चाळीस वर्षांनी त्याला ग्रॅमी मिळालं.

आता आपल्याकडचं. लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन जॅझ बँड १९३५ ला मुंबईत ताजमध्ये आला, पुढे पियानोवाला टेडी वेदरफोर्ड होता, आणि त्यांचं बघून-ऐकून गोव्याचे वादक तयार झाले, जे चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आले होते. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यातलाच. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला बरोबर घेतलं आणि ‘अलबेला’ (१९५१) मधली ती ब्रास सगळ्यांना पाठ आहे, भगवानदादांची स्टेपही पाठ आहे. पण चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ हे किती जणांना माहीत? शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, ट्रम्पेटवाले फ्रँक फर्नांड, हे सगळे असेच: तबकडीच्या लेबलवर संगीतकार आणि गायकाचं नाव, यांचं नाही.

गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर तर आणखी गोंधळ. एखादी जुनी धून शोधा, पाच निघतात, एक ३० च्या दशकातली, एक त्याच बँडलीडरने ५० च्या दशकात हाय-फायसाठी परत केलेली, आणि उरलेल्या त्याच्या नावावर आजही फिरणाऱ्या बँडच्या. वर्ष धड नाही, वादकांची नावं तर नाहीतच, मग नव्या माणसाने सगळ्यात चकचकीत वाजणारी लावली आणि ‘ठीक आहे, लिफ्टमधलं म्युझिक’ म्हणून बंद केली तर त्याचा काय दोष?

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या भागात (क्रमशः लिहिलंय म्हणून विचारतोय) शिफारशींची यादी देणार असाल तर प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे तारीख आणि निदान सोलो घेणाऱ्यांची नावं छापा. जागा कमी पडली तर यादी पाचाचीच करा, चालेल. आणि फोटोखाली ‘गुडमन आणि सहकारी’ असं न लिहिता सहकारी कोण तेही लिहा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली