सोबत स्कोअरकार्ड पाठवतेय

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका, सप्टेंबर 2025

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलणं होतं, तरी हे पत्र मुद्दाम हाताने लिहितेय. सोबत एक कागद पाठवायचा आहे आणि त्याचा नुसता फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला मन घेईना. बाबा, आधी पत्र वाचा आणि मगच तो कागद उघडा. आधी उघडलात तर नुसते आकडे दिसतील आणि तुम्ही चष्मा शोधत बसाल.

ते बेसबॉलच्या मॅचचं स्कोअरकार्ड आहे. मी भरलंय, पेन्सिलने, नऊच्या नऊ डाव.

आमचं हे शहर लिहिताना वॉर्सेस्टर लिहितात आणि म्हणताना वुस्टर म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण या गावाची एक गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही. हे आपल्या सोलापूरसारखंच कारखान्यांचं गाव. तारा ओढणारे कारखाने होते, आणि यंत्रमाग तयार करणारेसुद्धा. आजोबा मिलमध्ये ज्या प्रकारच्या मागावर उभे राहायचे, तसले माग बनवणाऱ्या गावात त्यांची नात राहते, हे कळलं त्या दिवशी मला किती वेळ काही सुचलं नाही. नंतर कारखाने गेले. मिलची चिमणी पडल्यावर आपल्याकडे जशा मोकळ्या जागा राहिल्या, तशाच इथेही राहिल्या. विमानांचे सुटे भाग घडवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याची जागा तर गावाच्या मधोमध, कुंपण घातलेली, वर्षानुवर्षं पडून होती. त्याच जागेवर आता स्टेडियम आहे. पोलर पार्क. पोलर ही इथलीच सोड्याची कंपनी, 1882 पासूनची.

या गावाचं बेसबॉलशी नातं जुनं आहे. 1880 ते 1882 अशी तीन वर्षं वुस्टरचा संघ थेट सर्वांत वरच्या लीगमध्ये होता. 12 जून 1880 ला ली रिचमंड नावाच्या डावखुऱ्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, याच गावात क्लीव्हलँडचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचू दिलं नाही. मोठ्या लीगमध्ये असं तोवर कुणी केलं नव्हतं. मग संघ गेला. पुढे लहानसहान संघ आले आणि बंद पडले. 2005 मध्ये आलेला एक संघ आठ हंगाम खेळला आणि संपला. त्यामुळे 2018 मध्ये बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ इथे येणार असं जाहीर झालं, तेव्हा जुन्या लोकांचा विश्वासच बसेना.

ट्रिपल-ए म्हणजे काय ते असं समजा, बाबा: रणजी खेळणारा पोरगा, टीम इंडिया एका फोनवर. वरचा संघ इथून तासाभरावर बोस्टनला आणि त्याची खालची पायरी आमच्याकडे, म्हणजे वूसॉक्स. याच जूनमध्ये रोमन अँथनी नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा इथून वर गेला. आणि वरचे नावाजलेले खेळाडू दुखापतीतून उठले की अंदाज घ्यायला दोन-चार मॅच इथे येऊन खेळतात.

पोलर पार्कवरची पहिली मॅच 11 मे 2021 ला झाली. कोविडमुळे स्टेडियमच्या पाव भागाइतकीच माणसं सोडली होती. त्याच्या आदल्या वर्षी मायनर लीगचा, म्हणजे अशा खालच्या पायऱ्यांवरच्या संघांचा, अख्खा हंगामच झाला नव्हता.

हे सगळं मी आनंदाने सांगतेय, पण एक बाजू लपवून ठेवणं बरोबर नाही. हा संघ आभाळातून पडला नाही. तो पॉटकेटमधून आला, शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या तशाच एका गिरणगावातून. तिथल्या मॅकॉय स्टेडियमवर 1981 मध्ये एक मॅच 33 डाव चालली होती. 18 एप्रिलला रात्री सुरू झाली, पहाटे चार वाजून गेल्यावर थांबवली, तेव्हा थंडीत कुडकुडत 19 प्रेक्षक उरले होते. उरलेला एक डाव जूनमध्ये खेळवला. त्या 19 जणांत तुम्ही नक्की असता, बाबा. ते स्टेडियम आता पाडलंय. इथलं बांधताना खर्च ठरल्यापेक्षा पुष्कळ वाढला, शहराने कर्ज काढलं, त्यावरून भांडणं झाली ती वेगळीच. आमच्या गावाला जे परत मिळालं ते दुसऱ्या एका गावाचं गेलं म्हणून मिळालं, हे मला तिथे बसल्यावर आठवतं. आठवायला हवंही.

आता त्या कागदाकडे येते.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं गेलो होतो. डाव्या बाजूला मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आहेत, मालगाडी गेली की अख्खं स्टेडियम तिकडे बघतं. आई, लोक भाजलेल्या शेंगा सालासकट घेऊन बसतात आणि टरफलं सरळ पायाशी टाकतात. मला नवी पेठेतली गाडी आठवली. छोटू गवताच्या उतारावरून लोळत होता. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, मांडीवर पाटी, पाटीवर चौकोनांचा कागद, कानाला पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी लिहीत होते. मी किती वेळ नुसती बघत होते. मग राहवेना, म्हणून विचारलं.

त्यांनी पिशवीतून दुसरं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे. पिचर 1, कॅचर (आपला यष्टिरक्षक समजा) 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, आणि मागे सीमेकडे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. खेळाडूचं नाव लिहायचंच नाही. चेंडू कुणी उचलला आणि कुणाकडे फेकला, एवढंच. चौथ्या डावात 6-4-3 लिहिलंय ते बघा. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने बेसवर पाय टेकून तिकडे धावत येणाऱ्याला बाद केलं आणि फलंदाजासाठी चेंडू पहिल्याला फेकला. एका चेंडूवर दोन विकेट! फलंदाज तीन स्ट्राइकवर (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) बाद झाला की के लिहायचा. आणि सहाव्या डावात एक के उलटा दिसेल, आरशातल्यासारखा. मला वाटलं आजोबांचा हात चुकला. ते म्हणाले, नाही, तो उभा राहून बघत राहिला, बॅट हलवलीच नाही, म्हणून उलटा.

बाबा, त्या क्षणी मी आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानावर होते. सिमेंटच्या पायरीवर, तुमच्या एलआयसीच्या डायरीवर वाकलेली. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून एम कसा करायचा ते तुम्ही माझा हात धरून शिकवलं होतंत. मी एम भलताच मोठा काढला होता आणि पुढच्या षटकाची जागा खाल्ली होती. तुम्ही रागावला नव्हतात, शेजारी रेघ मारून नवीन चौकट आखली होतीत. गेल्या वर्षी जानेवारीत महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना सोलापूरला आला, इतक्या वर्षांनी, तेव्हा तुम्ही चारही दिवसांचं डोक्याला फडकं बांधून जायचं ठरवलं होतं. फोनवर तुमचा आवाज वेगळाच होता. तो आवाज मी इथे आजूबाजूच्या सत्तरीतल्या माणसांमध्ये ऐकते.

इथे एक पद्धत फार आवडली. चेंडू प्रेक्षकांत आला की तो परत द्यायचा नाही, ज्याला मिळाला त्याचा. सातव्या डावात एक चेंडू आमच्या रांगेत घरंगळत आला आणि छोटूच्या बुटाला लागून थांबला. पांढरा, एका बाजूला मैदानातली माती घासलेली, लाल टाके. घरी आल्यावर त्याने टाके मोजायला घेतले, तीनदा चुकला. आई, ते 108 असतात. तुझ्या माळेइतके. आता तो झोपताना चेंडू हातात घेऊन एकेका टाक्यावरून अंगठा फिरवतो, अगदी तू फिरवतेस तसा. त्याला हे कुणी शिकवलं नाही, सुट्टीत तुझ्याजवळ बसून बघितलेलं असणार.

एक राहिलं, बाबांसाठी. पंचाचा निर्णय पटला नाही तर फलंदाज हेल्मेटवर हात आपटतो आणि चेंडू कुठून गेला ते लगेच मोठ्या पडद्यावर येतं. ही पद्धत वरच्या लीगमध्ये नेण्याआधी अशाच मैदानांवर घासून-पुसून बघितली. तुम्ही डीआरएसवरून काकांशी किती वाद घातलात! इथे काही सेकंदांत निकाल लागतो, वादाला वेळच मिळत नाही.

हंगाम या महिन्यात संपतोय. मार्चअखेर पुन्हा सुरू होईल, पण तेव्हा इथे हाडं गोठतात, तेव्हा नको. मे महिन्यात या. सोलापूरचं ऊन टळेल, आणि आईच्या गुडघ्यांना चालेल अशी पायऱ्या नसलेली जागा मी बघून ठेवली आहे, लिफ्टजवळ, सावलीतली. व्हिसाच्या तारखेचं मी बघते, तुम्ही फक्त पासपोर्टची मुदत कधी संपते ते कळवा. आई, येताना शेंगा चटणी दोन डबे जास्त आण, एक त्या आजोबांना द्यायचा आहे. त्यांची जागा ठरलेली असते, भेटतीलच.

आता कागद उघडा, बाबा. आठव्या डावात दुसऱ्या ओळीत माझी एक नोंद चुकलीय असं मला वाटतं, आजोबा तेव्हा शेंगा आणायला गेले होते. सापडते का बघा आणि रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
मनू