कावसजी जहांगीर सभागृह मुंबईच्या कलावंतांचेही राहावे

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ज्या वास्तूत आहे, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. जुने मुंबईकर आजही तिला ‘सी. जे. हॉल’ म्हणतात. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून आणि पुढे गेटवे ऑफ इंडियाची रचना करणाऱ्या जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार 1911 च्या सुमारास उभे राहिलेले हे सार्वजनिक सभागृह होते. ‘सार्वजनिक’ हा शब्द त्याच्या नावातच होता. माझी विनंती त्या शब्दाशीच निगडित आहे.

मोठ्या सभा आणि पाश्चात्त्य संगीताच्या मैफली ही या सभागृहाची पहिली ओळख. पुढे शहरात वातानुकूलित नाट्यगृहे झाली, तसे मोठे कार्यक्रम तिकडे गेले आणि हे सभागृह कामगार संघटनांच्या सभा, लग्नसमारंभ, चामड्याच्या वस्तूंचे विक्री-मेळे, मुष्टियुद्धाच्या लढती अशा मिळेल त्या कामासाठी भाड्याने दिले जाऊ लागले. माझे वडील लालबागहून ट्रामने या लढती पाहायला येत. मधोमध दोरांनी बांधलेले रिंगण, वरच्या सज्जातून वाकून ओरडणारी माणसे आणि दिव्याभोवती साचलेला विड्यांचा धूर यांचे वर्णन ते अखेरपर्यंत करीत असत. या काळाला वास्तूची पडझड म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही, कारण ज्यांना एरवी दक्षिण मुंबईतील अशा इमारतींत पाऊल टाकण्याचे कारणच नव्हते, ती माणसे त्याच काळात येथे हक्काने आली.

ही वास्तू कलेसाठी मिळावी, हा आग्रह मुंबईतील कलाक्षेत्रातून पुढे आला. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी यांनी त्यासाठी केलेली खटपट शहराला ठाऊक आहे. केंद्र सरकारने इमारत घेतली, आतील एकसंध सभागृहाच्या जागी जिन्यांनी जोडलेली, घुमटापर्यंत चढत जाणारी दालने झाली आणि 1996 मध्ये संग्रहालय खुले झाले. आज एकेक जिना चढत घुमटाखाली पोहोचले की आवाज आपोआप खाली येतो. इतक्या वेगवेगळ्या कामांसाठी वापरलेली ही भव्य जागा चित्रे पाहण्यासाठी इतकी अनुरूप ठरली, याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे.

मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये याच वास्तूत, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी, अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती संपुष्टात आल्याबद्दल, तसेच प्रादेशिक कलावंतांना यापुढे केवळ घुमटाचे दालन मिळणार असल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला, तेव्हा त्यांना बोलताना मध्येच अडवण्यात आले. सभांसाठी बांधलेल्या जागेत हे घडावे, याचे मला आजही वाईट वाटते. त्या दिवशीच्या मानापमानाचा हिशेब मला मांडायचा नाही. पण वास्तू ज्यांच्या आग्रहामुळे वाचली, त्यांच्या पुढच्या पिढीला तिच्या वापराविषयी बोलण्याचा अधिकार कोणत्या नियमाने आहे, हा त्या भाषणातला प्रश्न रास्त होता.

म्हणून विनंती अशी की, मुंबईतील चित्रकार, शिल्पकार आणि कलाशिक्षक यांचा बहुसंख्येने समावेश असलेली समिती लेखी नियमांनी कायमस्वरूपी असावी, तिची मुदत आणि अधिकार जाहीर असावेत, आणि कोणते दालन कोणत्या प्रदर्शनाला द्यायचे हे तिच्या संमतीने ठरावे. सोबत, ज्यांनी हे सभागृह मैफलींच्या, सभांच्या वा लढतींच्या काळात पाहिले, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून संग्रहालयाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे हे दुसरे काम समितीच्या नेमणुकीची वाट न पाहता याच वर्षी सुरू व्हावे.

आपला नम्र,
एक मुंबईकर