ठाण्याच्या पुलावरच्या तुम्हा तिघांना

मंगळवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर खांद्यातून पाठीत एकदम कळ गेली आणि मी कठड्याला धरून खालीच बसले. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते, स्नायू आखडतात, उकाड्यात त्रास वाढतो. पण हे सांगायला तोंडातून शब्द फुटत नव्हता.

गजरेवाल्या मावशी, तुम्ही फुलांवरचा ओला फडका पिळून माझ्या मानेवर ठेवलात. "घाई नको गं, बस निवांत," म्हणालात. बॅग उचलणाऱ्या दादा, तू ओढून उठवायच्या आधी "कुठे धरू?" असं विचारलंस. हे फार थोड्यांना सुचतं. आणि ताई, लोकल सोडून तुम्ही मला रिक्षात बसवलंत, पाठीमागे ओढणीची घडी सारलीत.

नावं विचारायची राहिली. ओढणी धुऊन ठेवली आहे. तिघांचेही मनापासून आभार.