हनुवटी वर करून वाचणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मॉनिटर आणि आरोग्यावरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण म्हटलं, राग एक रात्र मुरू द्यावा. मुरला आणि आणखी आंबट झाला.

लेखातल्या चौकटीत ठळक अक्षरांत छापलंय, ‘मॉनिटर नेहमी डोळ्यांच्या रेषेत ठेवावा.’ यातल्या ‘नेहमी’ या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती मी माझ्या मानेच्या वतीने नोंदवते आहे.

मी मुद्रितशोधक आहे, वय ५७. आधी कागदावर लाल पेनने चुका काढायचे, आता पडद्यावर काढते. चाळिशी लागल्यावर कधीतरी प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. तीन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत कुणाला तरी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची आठवण झाली आणि प्रत्येकाच्या मॉनिटरखाली एकेक स्टँड आला. सोबत एक छापील पत्रक, त्यात हेच वाक्य. मी आज्ञाधारक. स्टँडने रेष जुळेना, म्हणून खाली शब्दकोशाचे दोन खंडही सरकवले.

पुढचे आठ महिने मानेने मला जगू दिलं नाही. मान, मग उजवा खांदा, मग डोक्याची मागची बाजू. एक्स-रे काढला, ‘वयोमानानुसार झीज’ असं निदान झालं. पट्टा लावला, उशी बदलली, मग उशी काढूनच टाकली. तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांपुढे बसले, पण तिघांपैकी एकानेही ‘बाई, तुमचा चष्मा कोणता?’ एवढं विचारलं नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, ‘ताई, तुम्ही मॉनिटरकडे बघता की पंख्याकडे?’ आणि त्याने मोबाइलवर बाजूने माझा फोटो काढून दाखवला. हनुवटी वर, तोंड किंचित उघडं. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय, पण छापायला देणार नाही.

कारण अगदी साधं आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला, आणि हातभर अंतरासाठी मध्ये एक अरुंद पट्टा. मॉनिटर असतो नेमका हातभर अंतरावर. त्या पट्ट्यातून किंवा त्याच्या खालून अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून माणूस नकळत हनुवटी उचलतो. मॉनिटर जितका उंच, तितकी हनुवटी वर. बायफोकलवाल्यांचं तर विचारूच नका. साध्या डोळ्यांनाही पडद्याचा मध्य नजरेच्या रेषेच्या १५ ते २० अंश खाली असलेला सोयीचा पडतो. रेषेत यायची ती फार तर वरची कड. ‘मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत’ म्हटलं की लोक मध्यच रेषेत आणतात. मीही आणला होता.

शब्दकोश कपाटात परत गेले, स्टँड गेला, मॉनिटर टेबलावर उतरला, थोडा मागे कलला. टेप लावून डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं, ६५ सेंटिमीटर भरलं. तो आकडा सांगून फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. त्याचा नंबर वाचनाच्या नंबरपेक्षा कमी असतो, हेही मला तेव्हा कळलं. मान महिन्याभरात बरीचशी ताळ्यावर आली. आपल्या वाचकांत चाळिशीच्या पुढचे किती आहेत हे मी आपल्याला सांगायला नको. त्यांच्यासाठी लेखात एक ओळ नाही.

ओळी खर्च झाल्यात त्या किरणांवर. फुगीर पडद्याच्या मॉनिटरवर आम्ही काळपट काचेचा फिल्टर टांगायचो, त्याला अर्थिंगची तार असायची. माझ्या फिल्टरची तार सात वर्षं टेबलामागे नुसती लोंबत होती; ती कशाला जोडायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी सगळ्यांना सुरक्षित वाटायचं. त्या मॉनिटरच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत आदळून थोडे क्ष-किरण निघायचे खरे, पण नळीची जाड, शिसं मिसळलेली काचच ते अडवायची. आताच्या सपाट पडद्यांत ती नळीच नाही. मग लेखकमहाशय कोणत्या ‘घातक क्ष-किरणां’बद्दल लिहीत आहेत?

आणि निळा प्रकाश! तो अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात लेखाच्या बरोबर खाली आहे. योगायोगच असणार. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा काचांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. मॉनिटरमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी साध्या काचांपेक्षा बहुधा कमी होत नाही, निदान थोड्या काळात तरी नाही, असं त्यात निघालं.

डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, हे मात्र खरं आहे, कारण आपण पापण्या मिटायला विसरतो. १९९३ साली दोन जपानी संशोधकांनी मोजलं होतं: निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा, पडद्यासमोर ७ वेळा. आपल्या अख्ख्या लेखात ‘पापणी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. मी दोनदा तपासलं, सवयच आहे.

त्याच सवयीने आणखी एक. प्रसिद्ध २०-२०-२० चा नियम आपण असा छापलाय: ‘दर २० सेकंदांनी २० मिनिटे, २० फूट लांबच्या वस्तूकडे पाहावे.’ मी तो साहेबांना दाखवला. त्यांनी विचारलं, मग काम कधी करायचं? कृपया उलट करा: दर २० मिनिटांनी २० सेकंद. हे सगळं गडद निळ्यावर पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं. डोळ्यांची काळजी घ्यायचा सल्ला भिंग लावून वाचावा लागला.

शुद्धिपत्र छापणार असाल तर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत छापावं, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक

ता.क. या पत्रातला ‘पापणी’ कृपया ‘पाणी’ होऊ देऊ नये.