अण्णांच्या फोनवर आलेला हप्ता

२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दोस्ता,

दिवाळीपासून तुझ्या फोनला उत्तर नाही, आणि आता एकदम एवढं लांबलचक पत्र. शिव्या नंतर घाल, आधी वाच. इकडे प्रकृती वगैरे ठीक.

अण्णांच्या तेराव्याला तू नव्हतास. १९ तारखेची दुपार, पंगत अर्ध्यावर, आणि कोनाड्यातला अण्णांचा फोन वाजला. त्यांच्या धाकट्या पोराने पाहिलं: दोन हजार जमा. पीएम किसानचा एकविसावा हप्ता नेमका त्याच दिवशी सुटला. माई आतून ओरडली, "आले का यांचे?" अगदी नेहमीच्या आवाजात. मग तिचं तिलाच कळलं. पंगतीत कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो 'अरेरे' म्हणेल. हप्त्याच्या सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बँकेत निघालेले अण्णा तू पाहिले आहेस.

धाकटा दुसऱ्या दिवशी ते पैसे एटीएमने काढायला निघाला होता, मांडववाल्याचे द्यायचे म्हणून. त्याला अडवलंय. माणूस गेल्यावर जमा झालेला हप्ता परत मागतात, आणि काढलेले असले की वारसांच्या मागे वसुली लागते. खात्याला नॉमिनी म्हणून माईचं नाव लावलेलं आहे, तेव्हा मृत्यूचा दाखला आणि दाव्याचा अर्ज देऊन खात्यातली जुनी रक्कम रीतसर मिळेल. तूही त्याला एकदा दम दे. आमचं ऐकतो, पण तुझं मानतो.

आता तुझी ती 'रेवडी', म्हणजे असले हप्ते ही सरकारची फुकटची खिरापत, हे तुझं म्हणणं. पोहरादेवीला अठरावा हप्ता सुटला त्या संध्याकाळी पारावर आपण केवढे भांडलो होतो! दोन हजारांनी काय होतं, हा तुझा सवाल. डीएपीची एक गोणी १३५०, युरियाच्या दोन पिशव्या २६६.५० प्रमाणे ५३३, झाले १८८३. म्हणजे कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीतली एक ओळ कमी. ती ओळ राहिली तर काय होतं ते तुलाही ठाऊक आहे: खत ज्याच्याकडून उधार, सोयाबीन त्याच्याच काट्यावर, ओलं असतानाच, त्याच्याच भावाने. ओलाव्याची कपात वेगळी. दोन हजारांनी शेती तरत नाही. माल कुठल्या काट्यावर घालायचा आणि आठ दिवस थांबायचं की नाही, एवढं मात्र हातात राहतं.

पण तुझं अर्धं म्हणणं खरं, हे आज लिहून देतो. कागद जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. पैसा किती यापेक्षा केव्हा, हे महत्त्वाचं, आणि तारीख काही शेतकरी ठरवत नाही. यंदा विसावा हप्ता आला २ ऑगस्टला. पेरणी जूनमध्ये. कपाशीच्या बीजी-टू बियाण्याचं पाकीट ९०१ रुपयांचं, एकराला दोन. सोयाबीनचं बियाणं एकराला तीस किलो. हे सगळं ऑगस्टच्या आधीच उधारीवर आलेलं. तो हप्ता निंदणीच्या मजुरीत गेला. माईच्या लाडक्या बहिणीचे दीड हजार रक्कम म्हणून लहान, पण दरमहा येतात, म्हणून किराणा आणि अण्णांच्या बीपीच्या गोळ्या त्यावर चालायच्या.

मला खरा घोर वेगळाच आहे. या घरात रोखीचा आधार होता तो असा: अण्णांच्या नावावर पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, नमो शेतकरीचे सहा हजार, आणि माईचे अठरा हजार. मिळून तीस. केशरी कार्डावर धान्याऐवजी माणशी महिना १७० रुपये येतात ते निराळे. कर्ता माणूस गेला त्याच दिवशी त्यातले बारा हजार थांबले, माणशी १७० मधलं एक माणूस कमी झालं, आणि अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीतही नाव अण्णांचंच. तीन एकर म्हणजे १.२ हेक्टर, हेक्टरी ८५०० आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० धरले तर २२,२०० रुपये. संकटात द्यायचा पैसा, आणि संकट ज्याच्यावर आलं त्याच्याच नावाला बांधलेला.

म्हणून कागदांचा क्रम चुकता कामा नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, ती झाली. मग वारस नोंद: तलाठ्याकडे (हो, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, अण्णा शेवटपर्यंत तलाठीच म्हणाले) दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं. ई-हक्कवरूनही अर्ज चालतो. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांचा बदल, मंजूर करतो. धाकट्याच्या ताईचं नाव गाळायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आताच काढ. वारस म्हणून तीही लागतेच. हक्कसोड करायची तर नंतर, तिच्या मर्जीने आणि नोंदणीकृत. आधीच गाळलं आणि तिने हरकत घेतली की नोंद तक्रारी होते आणि पुढचं सगळं अडतं. नोंदीच्या अर्जाची पोच तहसीलला दाखवून अतिवृष्टीच्या यादीतलं नाव आताच बदलून मागायचं. रक्कम अण्णांच्या खात्यात पडली की पुन्हा तोच घोळ.

अण्णा सर्पदंशाने गेले, त्याचे दोन लाख, गोपीनाथ मुंडे अपघात अनुदानाचे, त्याला मुदत ३० दिवसांची. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा, गाव नमुना ६-क (वारसांची नोंदवही), पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. त्या रात्री तू फोनवरून 'पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय उचलू नका' म्हणून ओरडलास तेव्हा सगळे तुझ्यावर चिडले होते. मीही. तो अहवाल नसता तर फाइल अडली असती.

आता एक गंमत, जी ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रावरचा पोरगा सांगणार नाही. सगळे म्हणताहेत, पीएम किसान माईच्या नावावर करून घ्या. वारसाहक्काने आलेली जमीन चालते, ते बरोबर. पण किसान आणि नमो दोन्ही तिला सुरू झाले की लाडक्या बहिणीचे दीड हजाराचे पाचशे होतात. हिशेब कर: बारा हजार अधिक सहा हजार, अठराच. आज मिळतात तेही अठराच! एवढे खेटे घालून हाती काही नाही, उलट दरमहाचा पैसा चार-चार महिन्यांवर गेला. त्यापेक्षा किसानची नोंदणी धाकट्याने करावी. सज्ञान, लग्न झालेला, म्हणजे कुटुंब वेगळं. सातबाऱ्यावर नाव आलं की पात्र. चाकणची नोकरी खासगी असल्याने आड येत नाही. मागच्या वर्षी आयकर भरला असेल तर येते, एवढं त्याला विचार. मग त्याचा शेतकरी ओळख क्रमांक, ई-केवायसी आणि बँक. आधार खात्याला 'जोडलेलं' असणं आणि सरकारी पैशासाठी तेच खातं लागलेलं असणं या दोन गोष्टी आहेत. पैसा जातो तो शेवटी ज्या खात्याला आधार लावलं तिथे. माई जुनं पासबुक घेऊन बँकेत भांडत होती आठवतं? पैसे पोस्टाच्या नव्या खात्यात निवांत पडलेले.

लाडक्या बहिणीसाठी माईच्या केवायसीत पतीचा आधार मागतात, तेव्हा मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी ताईंकडे द्यायची आहे. निराधार योजनेचे दीड हजार आणि लाडक्या बहिणीचे, दोन्ही घेता येत नाहीत. दोन्ही मिळतात असं कुणीतरी तिच्या कानात भरवलंय.

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार. माझे दोनशे रुपये तू अजून दिलेले नाहीत, व्याज लावत नाही.

आणि एक काम फक्त तुझ्याकडे देतोय. धाकटा म्हणतो फोन बंदच करून टाकू, वाजला की माई दचकते. पण माईच्या आधारला नंबर अण्णांचाच आहे. रिचार्ज संपून तो नंबर गेला की तिचा एकही ओटीपी येणार नाही. आधार केंद्रावर अंगठा देऊन, ७५ रुपये भरून नवा नंबर लावेपर्यंत तो चालू हवा. इथून कुणी रिचार्ज मारायला धजत नाही. तू लांब आहेस, तिथून मार. आवाज बंद करून फोन मी कोनाड्यातच ठेवायला सांगितलाय.

तुझाच,
पारावरचा भांडखोर