रविवारच्या बैठकीची आठवण: पाठकोरे कागद आणा

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी साडेसातला आयर्विन पुलाजवळ, घाटावर बसायचे आहे. पाऊस आला तर नेहमीच्या खोलीत.

या वेळी स्केचबुक नको. पाठकोरे कागद आणा: जुनी बिले, लग्नपत्रिका, फॉर्म, काहीही. मागच्या बैठकीत एकाने विचारले होते, जगात युद्धे पेटलेली असताना आपण नदी आणि झाडे काय काढत बसायची? तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून रविवारी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्याविषयी बोलू.

डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी या ज्यू चित्रकर्तीला तेरेझिनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) छावणीत पाठवले. तिथे उपाशी, भेदरलेल्या मुलांना त्या चित्रकला शिकवत राहिल्या. कागद म्हणजे वापरलेले फॉर्म आणि रद्दी. मुलांनी फुले काढली, घरे काढली. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे, हा बाईंचा आग्रह. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत त्यांची हत्या झाली. बहुतेक मुलेही वाचली नाहीत. दोन सुटकेसमध्ये लपवलेली सुमारे ४५०० चित्रे मात्र उरली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

आपणही रविवारी चित्राखाली पूर्ण नाव लिहायचे. घरातली मुले जरूर आणा, त्यांच्यासाठी रंगखडू आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.