अटलांटिक ओलांडण्याआधी

रत्नागिरी

चि. सौ. मनूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली तयारीची यादी वाचली. वादळासाठी लागणारं सगळं तीत आहे, लाइफराफ्ट आहे, वादळी शीड आहे. ते असलंच पाहिजे. पण कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे डिसेंबर-जानेवारीत निघालेल्या बोटीला मोठं वादळ गाठण्यापेक्षा दुसरीच गोष्ट घडण्याची शक्यता फार जास्त. दोन-तीन आठवडे रात्रंदिवस घासून काहीतरी तुटतं, आणि नेमक्या त्या वेळी माणसं झोपेविना अर्धी झालेली असतात. म्हणून हे पत्र झीज आणि झोप या दोन गोष्टींसाठी लिहितोय. बाकीचं ओघात येईल.

कॅनरीतलं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुसिया सुमारे 2,700 सागरी मैल. तुमच्या सदतीस फुटी बोटीला सरासरी 5 नॉट, तासाला 5 सागरी मैल धर, म्हणजे दिवसाला 120 मैल आणि एकूण बावीस-तेवीस दिवस. व्यापारी वारा मागून असतो, त्यामुळे बोट सारखी या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. प्रत्येक हेलकाव्याला हॅलियार्डचा, म्हणजे शीड वर ओढून धरणारा, दोर डोलकाठीच्या टोकाला पुलीवर त्याच एका जागी घासतो. रोज सकाळी तो वीतभर सैल किंवा ताठ करायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. एक जादा हॅलियार्ड बंदरातच ओवून ठेवा. भर समुद्रात हलत्या डोलकाठीवर चढायची वेळ येऊ नये. बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीला, पुढून बांधून ठेवणारा दोर पहिल्या दिवसापासून लावा. मागच्या वाऱ्यात बूम अचानक या बाजूची त्या बाजूला फिरली तर आड आलेलं डोकं फुटतं.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा दहा वर्षांच्या वर गेल्या असतील तर दिसायला कितीही चकचकीत असोत, बदला. नव्या असल्या तरी कागदी रुमाल घेऊन तारेवरून, विशेषतः दोन्ही टोकांच्या जोडांपाशी, हळूच फिरव. तारेतला एखादा धागा तुटलेला असेल तर कागद तिथे अडकतो. बोटांनी करू नकोस, धागा नखाखाली शिरतो. जोड निसटू नयेत म्हणून घातलेली प्रत्येक कॉटर पिन उघडून पाहा आणि टोकं टेपने गुंडाळा. कारागीर लावलात तरी जावईबापूंनी त्याच्याबरोबर वर चढावं. दिलीप दोंदे 2009-10 साली ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ती बोट बांधली जात असल्यापासून दोंदे तिच्यासोबत होते. कुठला बोल्ट कशासाठी आहे हे माहीत असलेला माणूस समुद्रात घाबरला तरी हात चालू ठेवतो. तुमची बोट तुम्ही विकत घेतलीत, बांधली नाहीत; तेव्हा ती ओळख आता करून घ्या. प्रत्येक फळी उचला, प्रत्येक पाइप कुठे जातो ते दोघांनी पाहा.

पोर्तुगालच्या लागोसहून कॅनरी बेटं साधारण 600 मैल. हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण खरी परीक्षा तीच. चार-पाच दिवस, रात्री पकडून. त्यात ऑटोपायलट मुद्दाम बंद करून बारा तास हाताने चालवा. मूळ सुकाणूचं चाक सोडून आणीबाणीची काठी लावा आणि तिने खरोखर वळून दाखवा. बऱ्याच बोटींवर ती काठी बिछान्याखाली पडून असते आणि लावायला गेलं की कळतं, ती बसतच नाही. त्या किनाऱ्यावर 2020 पासून ओर्का (किलर व्हेल) शिडाच्या बोटींच्या सुकाणूला धडका देतायत, काही बोटी बुडाल्याही आहेत. निघायच्या आठवड्यात त्यांचा वावर कुठे आहे ते पाहूनच मार्ग ठरवा.

आता झोप. तुम्ही दोघं आणि दोन मुलं म्हणजे बोटीवर चार माणसं, असं तू लिहितेस. मी दोनच मोजतो, आणि त्यातला एक कायम झोपलेला. म्हणजे जागा असणारा एकटा, त्याच्याकडे बोट, आणि धाकटी रात्री उठून ‘आई’ म्हणाली तर तीही. म्हणून तिसरं मोठं माणूस घ्या. अनुभव थोडा कमी असला तरी चालेल. उलटी लागत नसलेलं, शांत स्वभावाचं, मुलांना ओळखणारं हवं. तीन माणसं असली की तीन तास पहारा आणि सहा तास विसावा मिळतो. दोघांत तीन तासांवर तीन तास, असे वीस दिवस काढले की माणूस चुकीची दोरी सोडतो. मी स्वतः आलो असतो, पण डॉक्टर नाही म्हणतात आणि ते बरोबर आहेत.

मी आयुष्यभर मोठ्या जहाजांच्या ब्रिजवर उभा राहिलो, म्हणून एक गोष्ट तुला नीट सांगू शकतो. तिथून तुम्ही दिसत नाही. लाटांच्या पांढऱ्या फेसात पांढरी फायबरची बोट मिसळून जाते, आणि खवळलेल्या पाण्यात रडारवरही लाटांच्या ठिपक्यांत हरवते. 15 नॉटने येणारं जहाज वीस मिनिटांत पाच मैल कापतं. म्हणून पहाऱ्यावरच्या माणसाने गजर लावून दर पंधरा मिनिटांनी उठून चहूकडे पाहायचंच, आणि एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा रेडिओवर सांगणारं यंत्र, प्रक्षेपण करणारं हवं, नुसतं ऐकणारं नको. जहाज जवळ येतंय वाटलं तर लाजू नका. रेडिओच्या चॅनल 16 वर त्याला नावाने हाक मारा. नाव घेऊन हाक मारली की ब्रिजवरचा माणूस दचकून उत्तर देतो.

मुलांचे लाइफ जॅकेट पोहण्याच्या तलावात तपासा. घालून उडी मारायला लावा. मांडीखालून जाणारा पट्टा नसेल तर जॅकेट गळ्यापर्यंत वर सरकतं आणि मूल आत राहतं, ते तुला डोळ्यांनी दिसेल. बोटीचा नियम एकच ठेवा: दारातून बाहेर पाऊल टाकण्याआधी हार्नेसची कडी अडकवायची. तो तुम्हालाही लागू, आणि तुम्ही एकदा मोडलात तर मुलंही मोडतील. थोरल्याला खरं काम दे. दुपारी बाराला नोंदवहीत स्थान लिहिणं, कोंब आलेल्या मटकीवर पाणी शिंपडणं. ते काम त्याच्याशिवाय होत नाही हे त्याला कळू दे.

मटकी आणि मूग भरपूर ने; तिसऱ्या आठवड्यात ताजं म्हणून तेवढंच उरतं. कोबी, कांदे, बटाटे टिकतात. पुठ्ठ्याची खोकी बोटीत नेऊ नका, झुरळांची अंडी त्यातूनच येतात. रांधायला कुकर, कारण त्याचं झाकण बंद राहतं. बोटीवर सगळ्यात वाईट भाजतं ते उकळत्या पाण्याने, म्हणून स्टोव्हपाशी असताना उघड्या अंगाने उभं राहायचं नाही, मुलांना तर तिथे येऊच द्यायचं नाही. पाणी डोई रोज 3 लिटर. पाच जणांचं पस्तीस दिवसांचं सव्वापाचशे लिटर होतं. ते निघतानाच बोटीत हवं, टाकी आणि कॅन मिळून. वॉटरमेकरचं, म्हणजे समुद्राचं गोडं केलेलं पाणी अंघोळीचं समजा. दातांच्या डॉक्टरकडे सगळे जाऊन या. रोमला सीआयआरएम नावाची संस्था 1935 पासून समुद्रावरच्या लोकांना रेडिओवरून फुकट वैद्यकीय सल्ला देते. तिचा नंबर औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटव.

तारखेबद्दल माझं मत पक्कं आहे. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत धरतात, आणि आपले कोळी नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाहीत तसं तुम्हीही त्याआधी पश्चिमेला वळू नका. सेंट लुसियाहून परतीची विमानाची तिकिटं काढू नका. नाताळ तिकडे करायचा म्हणून मित्रांना बोलावू नका. लास पाल्मासच्या धक्क्यावर नाताळ झाला तर मुलांना काही वाटणार नाही. तुम्हा तिघांतल्या कुणीही एकाने ‘आज नको’ म्हटलं तर आज नाही, कारण न विचारता.

तुझी आई देवापुढे काय बोलते ते मला ऐकू येतं, पण तिने तुला अडवलेलं नाही, मीही अडवत नाही. आमच्यासाठी एवढं कर. ईपर्बच्या, म्हणजे आणीबाणीत उपग्रहामार्फत हाक देणाऱ्या यंत्राच्या, नोंदणीत तातडीचा संपर्क म्हणून माझा नंबर घाल, जुना लँडलाइन नव्हे, मोबाइल. ईपर्बचा पंधरा अक्षरी हेक्स कोड (ओळख क्रमांक), बोटीचा बाजूने काढलेला फोटो, लाइफराफ्टचा रंग, प्रत्येकाचा रक्तगट आणि पासपोर्ट नंबर हे सगळं एका कागदावर मला पाठव. रोज दुपारी फक्त अक्षांश-रेखांश कळवा. एक दिवस आलं नाही तर आम्ही गप्प बसू; अठ्ठेचाळीस तास झाले की मी कुणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर लिही.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना पापा.

तुझे,
बाबा